रकान्यातली खूण आणि घरातला बदल

घरी येऊन ज्येष्ठांची विचारपूस करणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेचा खरा उपयोग किती झाला, हे ठरवायचे कसे? आणि ते ठरविण्यात ज्येष्ठांचा व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचा वाटा कोणता? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या निमित्ताने हा विचार.

वाचकहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. श्रावणातला पाऊस कोसळतो आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या एका घरात पक्षाघाताने उजवा हात-पाय गमावलेल्या आजी आठ महिने अंथरुणावर आहेत. मुलगा चाकणच्या कारखान्यात. घरी सून आणि शाळेत जाणारी नात. उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई चिखल तुडवीत येतात, रक्तदाब पाहतात, महिन्याच्या गोळ्या देतात, पंधरा मिनिटे बोलतात आणि पुढच्या घराकडे निघतात. संध्याकाळी नोंदवहीत ‘गृहभेट’ या रकान्यात एक खूण होते.

आता त्याच तालुक्याच्या पूर्वेकडचे, बागायती भागातले दुसरे घर पाहा. तिथेही तशाच अवस्थेतील आजोबा आहेत. तिथेही भेट झाली आणि तशीच खूण झाली. पहिल्या घरात भेटीच्या वेळी आजींना कुशीवर वळवून पाठ पाहिली गेली, माकडहाडाजवळची लालसर झालेली त्वचा वेळीच ध्यानात आली आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलावी हे सुनेला करून दाखविले गेले. दुसऱ्या घरात रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या, पाठ कोणी पाहिली नाही. महिन्याभराने एका घरी त्वचा पूर्ववत झालेली असेल. दुसऱ्या घरी हाडापर्यंत पोहोचलेली जखम असेल. नोंदवहीतल्या दोन्ही खुणा मात्र अगदी सारख्या दिसतील.

ही दोन्ही घरे कल्पनेतली आहेत. परंतु आपल्यापैकी अनेकांना ती ओळखीची वाटतील. सार्वजनिक गृहसेवेचा सामाजिक परिणाम मोजणे म्हणजे काय, या जड वाटणाऱ्या प्रश्नाचे सार या दोन खुणांमधल्या फरकात आहे. सेवा किती दिली, हे मोजणे सोपे असते. सेवेमुळे माणसांच्या आयुष्यात असा कोणता फरक पडला, जो ती नसती तर पडला नसता, हे मोजणे अवघड असते. सामाजिक परिणाम म्हणतात तो या दुसऱ्या गोष्टीला.

कोणती सेवा आपल्या दारी येते?

मोजण्यापूर्वी काय मोजायचे ते स्पष्ट हवे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र शासनाने २०१०-११ मध्ये सुरू केला. जे वृद्ध घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना घरी जाऊन पाहावे, ही अपेक्षा त्यात आरंभापासून आहे. २०१२ मध्ये परिहार सेवेचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचा, राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. आज त्यांनाच ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. त्यांच्या बारा सेवांच्या यादीत ज्येष्ठांची व परिहार सेवा समाविष्ट आहे. गावातील वृद्धांचे तीन गट करावेत, असे या सेवेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: चालते-फिरते, हालचालीवर मर्यादा आलेले आणि अंथरुणाला खिळलेले. ज्याची गरज अधिक, त्याच्याकडे अधिक वेळा जाणे सोपे व्हावे, हा त्यामागचा हेतू.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती ज्या सीबॅक फॉर्मवर भरून घेतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? खाणे, कपडे घालणे, अंघोळ, शौचाला जाणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का? हे प्रश्न साधे आहेत आणि नेमके आहेत. त्यांची उत्तरे एकदाच भरून घेऊन ठेवली, तर ती माहिती ठरते. तीच सहा महिन्यांनी पुन्हा विचारली आणि दोन्ही वेळची उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, तर ते परिणामाचे मोजमाप ठरते. म्हणजे मापाची पट्टी आपल्या गावात आधीच पोहोचलेली आहे. तिचा दुसऱ्यांदा वापर व्हायला हवा, इतकेच.

गडचिरोलीने घालून दिलेला पाठ

घरी दिलेल्या सेवेचा परिणाम काटेकोरपणे मोजता येतो काय, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बालकांच्या घरोघरच्या शुश्रूषेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून ३९ गावांत ही सेवा दिली गेली. शेजारच्या ४७ गावांत ती दिली नव्हती. परंतु तिथल्याही जन्म-मृत्यूंची नोंद तितक्याच दक्षतेने ठेवली गेली. तिसऱ्या वर्षअखेर दोन्हीकडचे आकडे ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा येतात, त्यामागे हे मोजमाप उभे आहे.

या प्रयोगातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सेवा सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवून ठेवली होती. जिथे सेवा नव्हती अशा गावांशी तुलना केली होती. आणि मोजले ते भेटींच्या संख्येवर न थांबता बाळ जगले की नाही, इथपर्यंत नेऊन मोजले होते. ही तुलना नसती, तर ‘रस्ते सुधारले, लोक शिकले, म्हणून मृत्यू घटले’ असे कोणीही म्हणू शकले असते.

म्हातारपणाचे गणित निराळे

मग हेच ज्येष्ठांच्या बाबतीत का होत नाही? कारण इथे ‘जगले की नाही’ हे माप पुरत नाही. ऐंशी वर्षांच्या, असाध्य कर्करोग झालेल्या आजोबांकडे परिचारिका नियमित येत होती आणि तरीही ते सहा महिन्यांत गेले, तर सेवा वाया गेली काय? त्यांचे ते सहा महिने वेदनेशिवाय, घरच्या अंथरुणावर, आपल्या माणसांत गेले असतील, तर सेवेने आपले काम चोख बजावले. मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या वहीत मात्र हे यश कोठेही दिसणार नाही.

दुसरी अडचण अशी, की उतारवयात शक्ती हळूहळू कमी होणे स्वाभाविक आहे. वर्षापूर्वी जे आजोबा काठीने अंगणापर्यंत जात होते ते आजही अंगणापर्यंतच जातात, असे दिसले, तर सुधारणा शून्य असा शेरा मारू नये. वर्षभर घसरण थांबली, हेच मोठे फळ आहे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रुग्णालयात दाखल झाले की देयक तयार होते, विम्याचा दावा होतो, आकडा नोंदला जातो. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते, ही मोलाची सोय आहे. परंतु घरी वेळेवर झालेल्या भेटीमुळे जे रुग्णालयात जाणे टळले, त्याची पावती कोणालाच मिळत नाही. जे घडले नाही ते हिशेबात येत नाही. जे हिशेबात येत नाही त्यावर पुढील वर्षी खर्च कशासाठी, असा प्रश्न सहज विचारला जातो. गृहसेवेचे मोजमाप तातडीचे आहे ते यासाठी. जिचा उपयोग दाखविता येत नाही, ती सेवा काटकसरीच्या वेळी प्रथम आकसते.

एका तालुक्यात दोन प्रदेश

जुन्नर-आंबेगावात सरासरीने फसण्याचा धोका विशेष आहे. पुणे-नाशिक महामार्गालगत मंचर, नारायणगाव ही बाजारपेठेची गावे आहेत. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. घोडेगाव, जुन्नर आणि नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. याच तालुक्यांच्या पश्चिमेला मात्र भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज असा सह्याद्रीचा कडा आहे. तिथे महादेव कोळी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या आहेत, चार महिने धुवांधार पाऊस असतो आणि दरड कोसळण्याची धास्ती असते. ३० जुलै २०१४ चे माळीण आपण कोणीही विसरलेलो नाही.

तालुक्याची सरासरी काढली, तर ‘दर वृद्धामागे महिन्याला एक भेट’ असा समाधानकारक आकडा येऊ शकतो. त्यात रस्त्यालगतच्या घरी दोन भेटी आणि डोंगरातल्या वाडीवर एकही नाही, असे दडलेले असू शकते. वर्षाची बेरीज नीट दिसते. जून ते सप्टेंबर वेगळा काढला, तर रकाना रिकामा दिसतो. पूर्वेकडे ऊस वाढला की बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर कोणी वस्तीवर जात नाही, हेही हिशेबात धरावे लागते. म्हणून इथे मोजायचे, तर वाडी वेगळी, गावठाण वेगळे आणि पावसाळा वेगळा मोजायला हवा. सर्वांत दूरच्या घरापर्यंत सेवा पोहोचली का, हा पहिला प्रश्न असावा.

आणखी एक गोष्ट या भागाच्या स्वभावाचाच भाग आहे. इथल्या पुरुषांच्या कित्येक पिढ्या मुंबईत राबल्या. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकांची गावे याच पट्ट्यात आहेत. उमेदीची वर्षे शहरात काढून ते म्हातारपणी गावी परततात, तेव्हा मुले शहरातच राहिलेली असतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा भाग म्हणून पन्नाशीवरील पाच हजारांहून अधिक ग्रामस्थांना त्यांच्या प्रकृतीविषयी व दैनंदिन अडचणींविषयी विचारले होते. वयाबरोबर अडचणी वाढतात, हे अपेक्षितच होते. त्याखेरीज स्त्रियांची आणि जोडीदाराविना राहणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट असल्याचे त्यांच्याच उत्तरांतून दिसले. तेव्हा आपल्या गावात मोजताना एकट्या राहणाऱ्या विधवा आजींचे उत्तर कोणाच्या सरासरीत बुडून जात नाही ना, हे आवर्जून पाहावे.

लोकांनी दिलेले गुण

मोजमाप हे केवळ तज्ज्ञांचे काम आहे, असे समजू नये. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे जिल्हा त्या पहिल्या पाचांपैकी एक होता. गावकऱ्यांच्या समित्या एकत्र बसून लसीकरण, परिचारिकेच्या भेटी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वागणूक अशा बाबींना चांगले, अर्धवट किंवा वाईट असे शेरे देत. हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत हे प्रगतिपुस्तक गावात लावले जाई, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते वाचता येई. मग जनसुनवाईत लोक आणि अधिकारी समोरासमोर बसून त्यावर बोलत. पुढील फेऱ्यांत चांगल्या शेऱ्यांचे प्रमाण वाढत गेल्याचा अनुभव आला.

या पद्धतीचे बळ तिच्या साधेपणात होते. ज्यांना सेवा मिळते तेच सांगत, आणि सांगितलेले त्यांच्यासमोरच मांडले जाई. ज्येष्ठांच्या गृहसेवेसाठीही हे रंगीत पत्रक पुन्हा हाती घेता येईल. केरळमध्ये २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारले गेले, तेव्हा घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या सेवेची जबाबदारी स्थानिक पंचायतींशी जोडली गेली. सेवा पंचायतीची म्हटल्यावर तिचा जाब गावातच विचारता येतो. आपल्याकडेही ग्राम आरोग्य समिती आहे, आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती आहे, ग्रामसभा आहे. प्रश्न विचारण्याच्या जागा पुरेशा आहेत.

काय मोजावे?

घरी मोजता येतील आणि ज्यांतून खरोखर काही उलगडेल, अशा सहा गोष्टी येथे सुचवितो.

१. रोजच्या कामांतील स्वावलंबन. खाणे, अंघोळ, केस-दात, कपडे, मलविसर्जनावरील ताबा, लघवीवरील ताबा, शौचालयाचा वापर, अंथरुणातून खुर्चीत बसणे, चालणे आणि जिना चढणे ही दहा कामे. १९६५ पासून जगभर वापरला जाणारा बार्थेल निर्देशांक याच दहा कामांना मिळून शंभरपैकी गुण देतो. आपण घरी ‘स्वतः’, ‘थोड्या मदतीने’ आणि ‘पूर्ण मदतीने’ असे तीन शेरे लिहिले तरी पुरे.

२. वेदना. शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे धरून त्यांनाच आकडा विचारावा. आकडा सांगता येत नसेल, तर ‘रुपयातले किती आणे दुखते?’ असे विचारून पाहा; जुन्या पिढीला सोळा आण्यांचे माप लगेच उमगते. पुढच्या वेळीही त्याच मापात विचारावे.

३. त्वचा. माकडहाड, टाचा, नितंब, खांदे. लाली किंवा जखम आहे की नाही, एवढेच लिहावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत शुश्रूषेचा दर्जा सांगणारी इतकी प्रामाणिक खूण दुसरी नाही.

४. पडणे. महिन्यात किती वेळा पडले, कोठे आणि कधी. ‘नुसतेच घसरले’ हेही मोजावे.

५. धावपळ आणि खर्च. किती वेळा गाडी करून दवाखान्यात न्यावे लागले, किती भाडे गेले, घरातल्या माणसाची किती दिवसांची मजुरी बुडाली.

६. मनाची स्थिती. या आठवड्यात कोणाशी मनमोकळे बोलणे झाले का? उंबऱ्याबाहेर किती वेळा जाता आले? कशाची वाट पाहावीशी वाटते का?

पहिली नोंद सेवा सुरू होताना घ्यावी, पुढची तीन महिन्यांनी. एकाच वेळच्या आकड्यात फारसा अर्थ नसतो; दोन आकड्यांमधले अंतर बोलते.

शुश्रूषा करणाऱ्याची रात्र

या सहा गोष्टी रुग्णाच्या झाल्या. परंतु घरी येणारी सेवा खरे तर दोन माणसांसाठी असते. एक अंथरुणावर आणि दुसरे अंथरुणाशेजारी. दुसऱ्या माणसाविषयी सहसा कोणी विचारीत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशात वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांची बिनमोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६ मिनिटे, असे तिच्यात दिसले. यात मुलांचे संगोपनही आले. घरकामाचा वेळ याहून निराळा: ते करणाऱ्या स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. हे श्रम मजुरीत धरले जात नाहीत, म्हणून ते फुकट आहेत असा समज होतो. आपल्या वाडीतल्या सुनेला विचारा. भातखाचरातला रोज बुडतो तो तिचा, आणि रात्री तीनदा उठते तीही तीच.

शुश्रूषा करणाऱ्यांवरील भार मोजण्यासाठी अमेरिकन संशोधक स्टीव्हन झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आपल्याला चार प्रश्न पुरतील. गेल्या आठवड्यात किती रात्री सलग चार तास झोप मिळाली? स्वतःच्या दुखण्यासाठी औषध घ्यायचे राहून गेले का? तासभर घराबाहेर जाता यावे म्हणून जागी बसणारे कोणी आहे का? रुग्णावर चिडचिड होऊन मागाहून वाईट वाटले, असे किती वेळा झाले? शेवटचा प्रश्न विचारताना आवाजात दोष देण्याची छटा असू नये. असे वाटणे हे थकव्याचे लक्षण आहे, माया आटल्याचे नव्हे. कूस बदलणे, जखम धुणे, नळीतून भरविणे हे परिचारिकेने शिकविल्यावर सुनेची भीती कमी झाली आणि तिला दोन तास अधिक झोप मिळाली, तर तो त्या सेवेचा पूर्ण अर्थाने सामाजिक परिणाम आहे. तो कोठेतरी लिहिला गेला पाहिजे.

मोजताना होणाऱ्या चुका

पहिली चूक उत्तरे ऐकण्यातली. आपली जुनी माणसे सहसा तक्रार करीत नाहीत. ‘कसं आहे आजी?’ असे विचारले की ‘बरं आहे बाई, तुम्ही येता हेच खूप’ असे उत्तर येते. विचारणारी तीच परिचारिका असेल, तर दुसरे उत्तर येणारही कसे? दारी आलेल्याला वाईट बोलू नये, हा आपला संस्कार आहे. म्हणून सेवा देणाऱ्याने आणि मत विचारणाऱ्याने एकच व्यक्ती असू नये. बचतगटातली एखादी ताई किंवा शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक हे काम करू शकतील. प्रश्नही ‘समाधानी आहात का?’ असा न करता ‘काल अंघोळ कोणी घातली?’ असा करावा. घडलेले सांगताना माणूस भिडेस पडत नाही.

दुसरी चूक सगळे श्रेय एकालाच देण्याची. आजोबा चालू लागले ते भेटींमुळे, की नातू सुटीत येऊन राहिला म्हणून? दोन्हींमुळे असेल. जिथे सेवा अजून पोहोचली नाही अशा शेजारच्या वाडीकडे पाहिल्याशिवाय उत्तर देण्याची घाई करू नये. मात्र तुलनेसाठी कोणाची सेवा रोखून धरणे योग्य नव्हे. जिथे ती पुढच्या टप्प्यात जाणारच आहे, तिथली आजची स्थिती लिहून ठेवली की तुलना आपोआप होते.

तिसरी चूक सर्व काही रुपयांत मांडण्याची. एक रुपया खर्चिला तर समाजाला किती रुपयांचे मोल परत मिळाले, असा हिशेब करण्याची एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आली आणि जगभर पसरली. वाचलेले गाडीभाडे आणि न बुडलेली मजुरी यांपुरती ती उपयोगी आहे, आणि निधी मागताना तिचा आधारही होतो. परंतु वेदनेविना झोपलेल्या एका रात्रीची किंमत रुपयांत लावायला गेलो, की आकडा मोठा दिसावा म्हणून अंदाज फुगविण्याचा मोह होतो. रुपयांचे रुपयांत लिहावे. बाकीचे माणसांच्या शब्दांत लिहावे.

चौथी चूक मोजणाऱ्यांवर भार लादण्याची. आशाताईंकडे आधीच नोंदवह्यांची थप्पी आणि मोबाईलवरची कामे आहेत. नवा फॉर्म वाढविला, तर तो भरण्यात भेटीची पंधरा मिनिटे संपतील. जुना एखादा निरुपयोगी रकाना काढून त्या जागी ‘त्वचा पाहिली का?’ आणि ‘घरच्यांना झोप मिळते का?’ हे दोन प्रश्न आले, तरी पुष्कळ झाले. आणि घरातली गोष्ट घराबाहेर नेताना संबंधितांची संमती घ्यावी. ग्रामसभेत आकडे मांडावेत, नावे मांडू नयेत.

आपण आजपासून काय करावे?

शासनाने पाहणी करावी तेव्हा करावी. आपण एका दोनशे पानी वहीपासून आरंभ करू शकतो. पहिल्या पानावर रुग्णाचे आजार, औषधे आणि दहा कामांची आजची स्थिती लिहा. पुढे प्रत्येक महिन्याला एक पान ठेवा. त्यावर भेटीची तारीख, भेटीत काय केले, काय शिकविले. त्याखाली वेदना, त्वचा, पडणे, खर्च, झोप. लिहिणे शाळेत जाणाऱ्या नातवाकडे द्या. आजीची विचारपूस करायला त्याला निमित्त मिळेल. गृहभेटीला येणाऱ्या ताईंसमोर ही वही उघडा. रुग्णालयात जावे लागलेच, तर ती बरोबर न्या. तिथल्या डॉक्टरांनाही तिचा उपयोग होईल.

घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असून भेटी होत नसतील, तर उपकेंद्रात जाऊन आपल्या रुग्णाची नोंद कोणत्या गटात आहे ते विचारा. चुकून ‘चालते-फिरते’ गटात नाव असेल, तर ते बदलून घ्या. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्याविषयी ग्रामपंचायतीत विचारणा करा. साधन आल्यावर महिन्याभराने वहीत लिहा, की ते वापरात आहे की माळ्यावर.

आणि गावात अशा पाच-सहा घरांच्या वह्या झाल्या, की त्या घेऊन ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीला जा. तेथे भेटींची संख्या वाचून दाखविली जाईल. ती पूर्ण ऐकून घ्या. मग आपली पाने उघडा आणि शांतपणे सांगा: एवढ्या घरांत जखम भरली, एवढ्या घरांत भरली नाही, एवढ्या सुनांना रात्रीची झोप मिळते, एवढ्यांना अजून मिळत नाही, पावसाळ्यात या वाडीवर कोणी आले नाही. जिथे चांगले झाले तिथे येणाऱ्या ताईंचे नाव घेऊन आभार माना. चिखलातून त्या आल्या होत्या, आणि त्यांच्या येण्याने काय घडले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.